परक्या लढाईचा फेटा

मला सुखरूप घरी आणलं ते शिरूरच्या चाचांनी. बाकीचं सगळं नंतर सांगतो. हे वाक्य आधी लिहून ठेवलं, कारण जिथं ते चार माणसांत बोलायला हवं होतं तिथं माझ्या तोंडून अर्धंच निघालं.

चाचांचं नाव लिहीत नाही. त्यांनीच बजावलंय, "नाव छापू नको रे बाबा. लोकं आधी नाव वाचत्यात, मग माणूस." शिरूरला आमच्याकडची जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात, तिथले ते. वेल्डिंग करून करून डोळ्यांच्या कडा कायमच्या लाल झालेल्या. अर्धं आयुष्य आखातात गेलेलं. त्यामुळं अरबी बोलायचे ती घोडनदीच्या बाजारात मेथीच्या जुडीचा भाव करावा तशी, न अडखळता आणि थोडं भांडत.

मी दौंड तालुक्यातला, राहूच्या पलीकडच्या एका वाडीचा. आठवीतून शाळा सुटली आणि आप्पांच्या गुऱ्हाळावर कामाला लागलो. आप्पा गुऱ्हाळाचे मालक. नात्याचे कुणी नव्हेत, पण गूळ करायच्या काहिलीतला रस कधी उतरवायचा हे त्याच्या बुडबुड्यांवरून ओळखायला मला त्यांनी शिकवलं. पुढं एका साखर कारखान्यात चिकटलो आणि तिथल्या एका साहेबांच्या ओळखीनं थेट सुदानला गेलो. तिथंही ऊस, तिथंही साखर. आईला म्हणालो, "पाटसच्या कारखान्याच्या जरा पुढं हाय असं समज." तिनं खरंच तसं समजून घेतलं असावं, कारण डब्यात चटणी-भाकरी बांधून दिली होती.

आता लिहितोय तो आणखी तिसऱ्याच देशातून. इथंही कारखानाच आहे. पाळी बदलल्याचा भोंगा झाला की अजून दचकतो आणि आधी पासपोर्टची पिशवी चाचपतो. लिहायची सवय नाही. चूक झाली तर सुधारून घ्या.

सुदानला मी नवखा होतो. भाषा येत नव्हती, उन्हानं नाकातून रक्त यायचं. कारखान्याच्या वर्कशॉपला एक म्हातारा वेल्डर मला बघून म्हणाला, "कुठला रे तू?" मराठी ऐकून मी गडबडलो. राहूचं नाव सांगितलं तर म्हणाला, "मग शेजारीच की. पारगावचा पूल ओलांडला, न्हावऱ्यावरनं गेलं की आमचं घर." त्या परमुलखात पारगावचा पूल ऐकून मला रडूच फुटलं. तेव्हापासून जेवायला चाचांच्याच खोलीत. ते डाळ करायचे, मी भात.

हंगाम संपत आला आणि तिथल्या दोन सेनापतींचं एकमेकांत बिनसलं. दोघांचीही नावं मला नीट घेता येत नव्हती. दोघांच्याही फौजा, दोघांचेही रणगाडे. आम्ही कुणाच्याच बाजूचे नव्हतो, पण होतो दोघांच्या मधोमध. आधी दिवे गेले, मग पाणी, मग एक दिवस कारखान्याचा धूर बंद झाला. तो बंद झाल्यावर मला खरी भीती वाटली. चालू हंगामात चिमणी थंड पडलेली मी कधी पाहिली नव्हती.

आपल्या सरकारचा निरोप आला होता की समुद्राच्या बंदरावर जहाज येतंय, तिथवर या. आमचा कारखाना एवढा आडबाजूला की तिथं कुणाची गाडी पोचणं शक्यच नव्हतं. बंदर दोन-तीन दिवसांच्या वाटेवर, आणि वाटेत जागोजागी नाके. कुठला नाका कुठल्या सेनापतीचा, ते तिथं पोचल्यावरच कळायचं.

बस चाचांनी मिळवली. ओळखीचा एक सुदानी ड्रायव्हर गाठला, आणि गोदामातून साखरेची पोती मागून घेऊन मागच्या सीटवर ठेवली. मी म्हणालो, "चाचा, माणसांना जागा न्हाई आन् साखर कशाला?"

"आपल्याकडं कचेरीत काम असलं की आधी काय करत्यात?"

"चहा सांगत्यात."

"मग? हिकडं चहाची पावडर हाय, पाणी हाय, लढाईपायी साखर बंद हाय. ह्या पोरांनी किती दिवसांत गोड चहा प्यालेला नसंल."

आणि तसंच झालं. नाका आला की चाचा एकटे उतरायचे. दोन्ही हात उघडे. सलाम, मग घरची चौकशी, आई कशी आहे, पाऊस झाला का, आणि मग हळूच साखर. बंदुका धरलेली पोरं मिसरूडही न फुटलेली. साखर घेताना लाजायची. ती पोती जसजशी रिकामी होत गेली तसतसे आम्ही समुद्राच्या जवळ गेलो.

एका नाक्यावर मात्र माझ्यामुळं घात होणार होता. वाटेत एक पेट्रोल पंप जळत होता, त्याचा मी व्हिडिओ काढला होता. कशासाठी? गावच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकायला. 'बघा, मी कुठं हाय.' बस्स, एवढ्यासाठी. नाक्यावरच्या एकानं फोन मागितला, व्हिडिओ पाहिला आणि मला खाली ओढलं. हेर समजला असणार. बंदुकीची नळी छातीला लागली. ती उन्हानं तापलेली होती, शर्टातून चटका बसला, आणि माझी पँट ओली झाली. हेही लिहून टाकतो.

चाचा मधे आले. काय बोलले ते तेव्हा कळलं नाही. बंदूकवाला त्यांच्याकडं बघत होता, माझ्याकडं बघत होता आणि मान हलवत होता. चाचांनी माझ्या टाळूवर हात ठेवला आणि तेच तेच पुन्हा म्हणाले. शेवटी तो हसला, फोन चाचांच्या हातात दिला आणि मला बसकडं ढकललं.

बस सुटल्यावर विचारलं, "काय सांगितलं?"

"सांगितलं माझा मुलगा हाय. जरा येडा हाय. घरी निघालोय, ह्याच्या आईला काय तोंड दाखवू?"

"त्याला पटलं?"

"न्हाई पटलं. म्हणला, थोबाड तुमच्यासारखं दिसत न्हाई. म्हणलं, आईवर गेलंय."

बसमधले सगळे हसले. मीही हसलो आणि रडलो. चाचांनी त्यांची लुंगी पिशवीतून काढून दिली, "जा मागं, बदल."

बंदरावर आपलं जहाज खरंच उभं होतं. झेंडा दिसला तेव्हा बस थांबायच्या आधीच सगळे दाराशी गोळा झाले. नौदलाच्या एका जवानानं बिस्किटं दिली, आधी पाणी प्या म्हणाला. सरकारचं जहाज आलं नसतं तर आम्ही त्या किनाऱ्यावर किती दिवस बसलो असतो, देवाला ठाऊक. ते मी विसरलेलो नाही आणि विसरणार नाही. पण जहाज समुद्रात होतं. समुद्रापर्यंत आम्हाला चाचांनी आणलं.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात लोकसभेची निवडणूक लागली. आमच्याकडं मतं कशावर पडतात ते तिथल्यांना माहीत आहे. कालव्याचं आवर्तन वेळेत सुटलं का, उसाला तोड मिळाली का, कोण कुणाच्या दशक्रियेला आला आणि कोण नुसता हार पाठवून मोकळा झाला. त्या वर्षी मात्र आमच्या पारावर परदेश येऊन बसला होता. पुण्याच्या पुढं न गेलेली माणसं कुठला राष्ट्राध्यक्ष कुणाला घाबरतो ते सांगायची. फोनमध्ये रोज नवीन. कुठं बॉम्ब पडला, कुठं आपल्या माणसाला गालिचा घातला, कुठं कुणी कुणाला मिठी मारली. आप्पा तर गुऱ्हाळावर बसून मला विचारायचे, "ते दोन सेनापती आपल्याला भ्याले का रं?" मी म्हणायचो, "मला काय ठाऊक आप्पा, मी बसमध्ये होतो."

मग प्रचाराची माणसं घरी आली. "लढाईतनं आलेला आपल्या वाडीचा माणूस. कोपरा सभेत सत्कार झालाच पाहिजे."

आमच्या भागात सत्काराला नाही म्हणता येत नाही. नवीन ट्रॅक्टर आला, सत्कार. पोरगी पोलिसात लागली, सत्कार. शाल, नारळ, फेटा. जो नको म्हणतो तो माजला, असंच धरतात. आणि खरं सांगायचं तर मला नको म्हणायचंही नव्हतं. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला कोण कधी स्टेजवर बोलावतं? शिवाय मनात एक बेत होता. चाचांना त्या दिवशी जेवायला बोलवायचं, सभेला बसवायचं, आणि माझ्या अंगावर शाल पडली की ती काढून सगळ्यांदेखत त्यांच्या खांद्यावर घालायची. फोन करून म्हणालो, "चाचा, त्या दिवशी या. आई हुलग्याची शेंगोळी करणार हाय."

"शेंगोळी म्हणलं की आलो. सभा तुला लखलाभ."

ते स्कूटरवर पूल ओलांडून आले. वाडीच्या चौकात मांडव, समोर खुर्च्या. चाचा मागच्या रांगेत पाण्याच्या टाकीजवळ बसले. योगायोगानं शेजारची खुर्ची आप्पांची. मी स्टेजवरून पाहिलं, आप्पांनी तंबाखूची चंची पुढं केली, चाचांनी हात जोडून नको म्हटलं. बरं वाटलं. माझी दोन्ही माणसं शेजारी शेजारी बसली होती.

निवेदक पट्टीचा होता. आवाज चढवून सांगत होता, "दोन राक्षस भिडल्याले! मधी आपली बस! कोण वाचवणार? दिल्लीवरनं एक फोन गेला, मंडळी, एक! दोन्हीकडच्या बंदुका खाली! आपली बस गेली... आन् मग पुन्हा बंदुका वर!"

शिट्ट्या पडल्या. मी खुर्चीत बसलेला, आणि मागं उभा राहून एक जण मला फेटा बांधत होता. फेटा बांधताना मान हलवायची नसते. मी निवेदकाकडं वळून बघायला गेलो तर मागचा पुटपुटला, "सरळ बघा पाव्हणं, तुरा वाकडा व्हतोय."

फेटा पुरता व्हायच्या आतच माइक हातात आला. निवेदक म्हणाला, "बोला! कसं वाटलं तवा?"

मी म्हणालो, "बस... आमची बस चाचांनी नेली. म्हंजी एक मुसलमान हायेत, त्यांनी समद्या नाक्यांवर बोलून वाट काढली. माझ्या छातीवर बंदूक होती तवा त्यांनी..."

एवढंच झालं. निवेदकानं माझ्या हातावर हात ठेवून माइक स्वतःकडं वळवला. "ऐकलंत, मंडळी! परक्या देशातला मुसलमान! आपल्या झेंड्याला बघून बाजूला झाला, वाट करून दिली! ह्याला म्हंत्यात दरारा! आन् हिथं काही लोकांना अजून कळत न्हाई!"

मांडव हादरला. उमेदवारांनी पुढं येऊन माझ्या खांद्यावर हात टाकला, फोटो निघाले. निवेदकानं माइक पुन्हा माझ्या तोंडाशी धरला. "आणखी काय सांगशीला?"

ही माझी वेळ होती. 'ते परक्या देशातले न्हाईत, शिरूरचे हायेत. ते बघा, टाकीजवळ बसलेत.' एवढंच म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर होतं. पण समोर सगळी वाडी टाळ्या वाजवत होती, माझ्याकडं बघून, पहिल्यांदा. ते मोडायचं जिवावर आलं. निवेदकाला सगळ्यांसमोर खोटं पाडायचं, उमेदवारांचा हात खांद्यावर असताना? लोक काय म्हणतील, उद्या आईला कोण काय बोलेल, रेशनपासून दाखल्यापर्यंत कुणाचं कुठं अडेल, हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. आणि टाळ्या गोड लागत होत्या, हेही आहेच.

मी म्हणालो, "धन्यवाद."

खाली पाहिलं. चाचा टाळ्या वाजवत होते. शाळेच्या गॅदरिंगला आपलं पोरगं दोन ओळी म्हणून उतरल्यावर बाप वाजवतो तशा. शाल माझ्याच अंगावर राहिली.

घरी जेवायला बसलो तेव्हा माझ्या डोक्यावर अजून फेटा होता. चाचा म्हणाले, "काढ की आता ते. घाम शेंगोळ्यात पडतोय." मी काढला. आई वाढत होती. ती सभेला आली नव्हती. दर वाढपाला म्हणत होती, "तुम्ही माझं लेकरू आणलंत."

"लेकरू आपोआप आलं, ताई," चाचा म्हणाले. "आन् मी तर हितला न्हाईच. तुमच्या निवेदकानं आज मला आफ्रिकेचा करून टाकला. व्हिसा बी लागला न्हाई."

आईला कळलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी काकवीची वाटी पुढं सरकवली.

सभेच्या व्हिडिओचा तो तुकडा दोन दिवसांत सगळीकडं गेला. 'परक्या देशातला मुसलमान' पासून 'धन्यवाद' पर्यंत. दौंडला स्टँडवर एका माणसानं मला ओळखलं आणि चहा पाजला. आप्पांनी गुऱ्हाळावर तो तुकडा इतक्या वेळा लावला की कामगारांना पाठ झाला. एके दिवशी मला जवळ बसवून म्हणाले, "गड्या, आजवर मी आवर्तन बघून मत टाकलं. ह्या टायमाला पाणी वेळेवर न्हाई आलं, मी चिडलो व्हतो, दुसरीकडं टाकणार व्हतो. पण तुझं आयकलं आन् म्हणलं, पाण्याचं काय, आज न्हाई तर उद्या. आपल्या माणसाला परक्या मुलखात कोण हात लावत न्हाई, ही केवढी गोष्ट!"

मी म्हणालो, "व्हय आप्पा."

ज्या माणसानं मला रस बघायला शिकवला, त्याचं मत मी असं फिरवलं. त्या सेनापतींची नावं त्यांनाही येत नव्हती आणि मलाही.

चार-पाच दिवसांनी धीर करून शिरूरला गेलो. भर दुपारी. चाचा ओट्यावर गालाला हात लावून बसले होते, दाढ दुखत होती. चाचींनी आतून पाहिलं आणि म्हणाल्या, "आओ, आओ, व्हिडिओवाले."

मी चपला काढून उभाच राहिलो.

"बैठो की. शाल नहीं लाये?" मग मराठीत आल्या. त्यांना मला नीट कळायला हवं होतं. "काल भाजी घ्यायला गेले. भाजीवाली रोजची, तिच्या पोरीच्या लग्नात मी मेंदी काढलेली. ती मला फोन दाखवती, म्हणती, बघा चाची, तुमचे तिकडचे लोक कसे बाजूला होतात, तुमचंच इथं काय असतं? मी तिला काय सांगू? तिकडचा माणूस माझ्या ओट्यावर लवंग चावत बसलाय म्हणून?"

"चाची, माझं चुकलं."

"शि-रू-र. तीन अक्षरं हायेत. तेवढी तोंडात मावली न्हाईत? शेंगोळी बरी मावली."

चाचा दाढ दाबून म्हणाले, "पुरे गं. पोरगं घाबरट हाय, मला आधीच ठाऊक हाय. लुंगी अजून परत दिली न्हाई त्यानं." आणि हसले. चाची हसल्या नाहीत.

मी फोन काढला. म्हणालो, "आत्ता दुसरा व्हिडिओ करतो. तुमच्या शेजारी बसून सगळं खरं सांगतो."

चाची म्हणाल्या, "कर." चाचांनी मात्र माझा फोन उलटा करून ओट्यावर ठेवला.

"न्हाई करायचा. आज ह्या बाजूच्यांनी मला आफ्रिकेला धाडलं. उद्या त्या बाजूचे मला खांद्यावर घेऊन नाचतील, बघा हा मुसलमान, बघा ह्याचा अपमान. मला कुणाच्याच प्रचाराच्या जीपवर चढायचं न्हाई. निवडणूक जाईल. मी ह्या गल्लीत ऱ्हाणार हाय, भाजी तिच्याकडनंच घेणार हाय."

मग म्हणाले, "आन् आमच्यातले तरी काय शहाणे? हितली पोरं बी रात्रंदिवस फोनमध्ये. तिकडं लांब कुठं बॉम्ब पडला की हितं ठरतं बटण कुठलं दाबायचं. दुःख व्हतं, मला बी व्हतं, लेकरं मरत्यात. पण ही गटार बघ. कवापासून तुंबलीय. तिच्याबद्दल मत मागायला एक आला न्हाई, आन् आम्ही बी कुणाला विचारलं न्हाई."

गटार खरंच तुंबली होती. मी तिच्याकडं बघत बसलो, कारण दुसरीकडं कुठं बघावं कळत नव्हतं. निघताना चाचींनी पाणी दिलं. पाणी दिलं, पण बोलल्या नाहीत.

व्हिडिओ नाही तर नाही, निदान आप्पांना सांगायचं, असं परतीच्या वाटेवर ठरवलं. रोज ठरवायचो. गुऱ्हाळावर जायचो, आप्पा दिसायचे, त्यांच्या शेजारी दोन माणसं असायची, आणि मी उद्यावर टाकायचो. असं करता करता मतदानाचा दिवस आला.

शाळेत केंद्र होतं. माझीच जुनी शाळा. आप्पा मत टाकून बाहेर आले आणि लिंबाच्या सावलीला टेकले. एकटे होते. मी रांग सोडून त्यांच्याकडं गेलो आणि एका दमात सगळं सांगितलं. साखरेची पोती, पेट्रोल पंपाचा व्हिडिओ, छातीवरची नळी, ओली पँट, 'माझा मुलगा हाय' पर्यंत सगळं. आणि जहाज खरं होतं, हेही सांगितलं. दिल्लीच्या फोनचं मात्र मला काही माहीत नाही. आमच्या बसपुढं कुणी बंदुका खाली केल्या असतील तर त्या साखर घ्यायला, म्हटलं.

आप्पांनी बोट पुढं केलं. शाई अजून ओली होती.

"हे लागल्यावर सांगतोस व्हय?"

मी त्यांच्या शेजारी खाली बसलो.

"आधी सांगायला काय झालं व्हतं?"

"आप्पा, आधी सांगितलं असतं तर तुम्ही दुसरीकडं मत टाकलं असतं का?"

"ते माझं मी बघितलं असतं." त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "कदाचित तिथंच टाकलं असतं. पण मला म्हाईत पायजे व्हतं का न्हाई? कच्चा रस ढेपेच्या साच्यात वतून वर गूळ म्हणून इकायला मी शिकवलं का तुला?"

मग एकदम थांबले. "तो टाकीजवळ बसला व्हता, तोच का रं? तंबाकू नको म्हणला?"

"तेच."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आरं देवा. त्यालाच मी म्हणलो, बघा, भाईर देशातला मुसलमान बी कसा सुधारला, तुमच्या लोकांनी शिकाय पायजे."

"मग ते काय म्हणले?"

"काय न्हाई. हसला. म्हणला, व्हय, शिकाय पायजे."

मग मी उठून रांगेत गेलो आणि मत टाकलं. कुणाला ते सांगत नाही. आत उभं राहिल्यावर माझं मन आवर्तनावरही नव्हतं आणि सुदानवरही. भाजीवालीनं पुढं केलेल्या फोनकडं बघत उभ्या असलेल्या चाची तेवढ्या दिसत होत्या.

निकाल काय लागला ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या वाडीत, आमच्या तालुक्यात किती मतं त्या तुकड्यावर हलली, मला माहीत नाही. कळायला मार्गही नाही. कदाचित आप्पांचं एकच. कदाचित लोक आधीच ठरवून बसले होते आणि मी नुसता निमित्ताला. अशी मनाची समजूत घालतो, ती दोन दिवस टिकते. मग एखादा माणूस भेटतो आणि म्हणतो, "तुम्ही तेच का, झेंड्यावाले?" की परत पहिल्यापासून हिशोब सुरू.

त्यानंतर लगेच हे इथलं काम मिळालं आणि मी निघून आलो. खरं तर पळून आलो. जाण्याआधी आप्पा म्हणाले होते, "त्या पाव्हण्याला एकदा माझ्याकडं आण. मला त्याच्याशी बोलायचंय." मी हो म्हणालो आणि न आणताच विमानात बसलो. चाचींना तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. चाचांचा अधूनमधून आवाज येतो, फोनवर. इथल्या राजकारणाचं विचारतात, "तिकडं कोण सेनापती बिनसलाय का?" आणि सांगतात, साखर जवळ ठेव. चाचींचा आवाज मागं येत असतो, भांड्यांचा. फोनवर त्या अजून आलेल्या नाहीत.

चाचा, हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेलच. या खेपेचा करार संपला की मी विमानतळावरून आधी शिरूरला येईन, नंतर घरी. तुम्हाला आणि चाचींना घेऊन आप्पांच्या गुऱ्हाळावर जाईन. तिथं रस प्यायला अर्धी वाडी असते, मांडव लागत नाही आणि माइकही लागत नाही. तुम्ही कोण, कुठले, कुठल्या गल्लीतले, हे मी उभा राहून सांगेन. मधे कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून सांगेन. तुम्ही म्हणाल कशाला आता, आणि मी तुमचं ऐकणार नाही. तुमचे उपकार फिटायचे नाहीत हे मला कळतं, पण एवढं मी फेडेन. कधीतरी नक्की फेडेन, चाचा.